दफनभूमीने राखलेला तट : लंडनच्या प्रकल्प नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

कामाला सुरुवात केली. लंडन शहराच्या जुन्या तटाचे काही तुकडे आज चर्चच्या आवारांच्या भिंती म्हणून उभे आहेत. त्यांची १:२० प्रमाणात दर्शनी रेखाटने करायची आणि प्रत्येक रेखाटनासोबत मराठीत टिपण लिहायचे, असे ठरवले आहे. आपल्याकडे गडकिल्ल्यांची मोजणी करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी हे वाचताना अडखळू नये, म्हणून तट, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते), बुरूज, खंदक, दरजा (दगडांमधल्या सांधी), भर (भिंतीच्या पोटातला भराव) हेच शब्द ठेवणार आहे.

पहिली जागा सेंट अल्फेज. बार्बिकन वसाहतीच्या दक्षिणेला, लंडन वॉल नावाच्या रस्त्यामागे ही लहानशी बाग आहे. भोवती काचेच्या कचेऱ्या. बागेची उत्तर बाजू म्हणजे तट. ही बाग पूर्वी सेंट अल्फेज चर्चची दफनभूमी होती आणि तट हीच तिची भिंत.

स्मारक संरक्षित आहे. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार इथली एक दरज भरायची झाली तरी आधी सरकारची परवानगी लागते. आपण पाहायचे, मोजायचे, काढायचे, एवढेच. भिंतीत खिळा नाही, दगडावर खडूची खूण नाही, टेकवलेली पट्टीसुद्धा नाही. लेझर मीटर तिपाईवर आणि मापाची काठी भिंतीपासून वीतभर पुढे उभी.

आभाळ दिवसभर भरलेले होते. फोटोंना असाच उजेड हवा. ऊन पडले की प्रत्येक दगडाखाली सावलीची रेघ येते आणि दरज कुठे आहे ते फोटोत कळेनासे होते. दक्षिणेकडचा पूर्ण दर्शनी भाग एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंत घेऊन झाला.

१५ मार्च, शनिवार

आज थर वेगळे करायला घेतले.

सगळ्यात खाली रोमन काम. इसवी सन १२० च्या सुमारास रोमनांनी इथे सैन्याचा किल्ला बांधला. पुढे २०० च्या सुमारास शहराला जमिनीच्या बाजूने तट घातला, तेव्हा किल्ल्याच्या उत्तर आणि पश्चिम भिंती पाडल्या नाहीत. त्यांना आतून दुसरी भिंत चिकटवून जाडी वाढवली आणि त्याच शहराच्या तटात घेतल्या. म्हणजे या जागी जुन्या भिंतीला नव्या कामात सामावून घेण्याची रीत पहिल्यापासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने इमारती उद्ध्वस्त झाल्यावर पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी थोड्या अंतरावरच्या नोबल स्ट्रीटजवळ ही जोडभिंत खणून काढली आणि लंडनमध्ये रोमन किल्ला होता हे तेव्हा कळले. त्याआधी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

रोमन थराच्या वर मध्ययुगीन दगडकाम. त्याच्यावर विटांच्या चर्या, १४७७ च्या.

दगड मुख्यतः एकच, केंटचा रॅगस्टोन. राखाडी, थोडा निळसर, वाळूमिश्रित कठीण चुनखडक. लंडनच्या आसपास बांधकामाला योग्य दगडच नाही. सगळी चिकणमाती आणि रेती. म्हणून मेडस्टोनजवळच्या खाणींतून दगड काढायचा, मेडवे नदीतून खाली आणायचा आणि थेम्समधून वर शहरापर्यंत न्यायचा, असा सगळा प्रवास. १९६२ मध्ये ब्लॅकफ्रायर्स इथे थेम्सच्या गाळात एक रोमन जहाज सापडले. पीटर मार्सडेन यांनी त्याचा अभ्यास केला. बुडाले तेव्हा त्याच्या पोटात सुमारे २६ टन रॅगस्टोन होता. शहराचा जमिनीकडचा तट साधारण दोन मैलांचा. अशा किती खेपा झाल्या असतील याचा विचार करत मी बराच वेळ एकाच चौरस मीटरकडे पाहत बसले होते.

मध्ययुगातल्या गवंड्यांना हा खटाटोप करावा लागला नाही. दगड पायाशीच होता. पडझड झालेल्या रोमन भिंतीतला दगड उचलायचा आणि वर चढवायचा. त्यामुळे दगडाच्या जातीवरून काळ ठरवता येत नाही, तो रचनेवरून ठरवावा लागतो. रोमन शहरतटात घडीव लहान चिऱ्यांचे सरळ थर आणि ठरावीक उंचीवर भाजलेल्या कौलांचे पट्टे. (किल्ल्याच्या मूळ भिंतीत मात्र हे पट्टे नाहीत. दोन्ही कामे वेगळी ओळखायची ही एक खूण.) मध्ययुगीन कामात थर डुगडुगतात, लहानमोठे दगड शेजारी येतात, मध्येच चकमकीच्या दगडाचे काळे डोळे आणि कौलांचे तुकडे दिसतात. मिळेल ते वापरले आहे, पण निष्काळजीपणे नाही. मोठ्या दगडाशेजारची पोकळी लहान चिपांनी नीट भरलेली दिसते. त्या चिपा बसवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

२२ मार्च, शनिवार

आज मामा सोबत होते. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. धरणांच्या दगडी बांधकामावर त्यांचे आयुष्य गेले. मापाची काठी त्यांच्या हातात दिली आणि मी आकडे लिहून घेतले.

“अगं, वरचं काम खालच्याशी बांधलेलं नाही,” त्यांनी बघताबघता सांगितले. “खालची भिंत उतरवून सपाट केली आणि तिच्यावर नवीन चढवली.” मी म्हटले, “मामा, आणि दोन्हींच्या मध्ये निदान शंभर वर्षं असतील.” ते म्हणाले, “असू देत. सपाटी चांगली केली आहे.” शनिवारवाड्याचा तटही खाली दगडाचा आणि वर विटांचा आहे, ही आठवण त्यांनीच काढली. तिथे मात्र तो एकाच काळातला.

विटांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण या भिंतीत माझा सर्वांत आवडता भाग हाच.

१४७१ च्या मे महिन्यात, इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’च्या धामधुमीत, फॉकनबर्गचा अनौरस पुत्र म्हणून ओळखला जाणारा थॉमस नेव्हिल लंडनवर चालून आला. त्याने लंडन ब्रिजवर आणि ऑल्डगेट वेशीवर हल्ला चढवला, वेशीबाहेरची घरे जाळली. शहर वाचले, पण तटाची अवस्था सगळ्यांनी पाहिली. १४७७ मध्ये महापौर राल्फ जॉसेलिन याने दुरुस्ती काढली. हा जॉसेलिन कापडवाल्यांच्या ड्रेपर्स संघाचा माणूस. जॉन स्टो याने १५९८ मध्ये छापलेल्या आपल्या लंडनवर्णनात या कामाचा तपशील दिला आहे. स्टो पेशाने शिंपी होता आणि शहरातला रस्तान् रस्ता पायी फिरून त्याने ते लिहिले. तो सांगतो, की जॉसेलिनने तटाबाहेरच्या मूरफील्डमध्येच माती शोधायला लावली, तिथेच विटा पाडल्या आणि भाजल्या. केंटहून खडू-चुनखडी आणून तिथेच चुनाही भाजला.

म्हणजे दगड बाहेरून, पण वीट अगदी दाराशी तयार झालेली. तट ज्या मातीवर उभा आहे, तिच्यातलीच.

खर्च कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांनी वाटून घेतला. ऑल्डगेटपासून बिशप्सगेटकडचा भाग कातडीवाल्या स्किनर्सनी केला, बिशप्सगेटपासून ऑल हॅलोज चर्च आणि तिथून मूरगेटच्या दिशेने ड्रेपर्सनी. काही भाग सर जॉन क्रॉस्बी या दिवंगत नगरपित्याच्या मागे राहिलेल्या पैशातून झाला. पुढे क्रिपलगेटपर्यंत इतर संघ, म्हणजे आमची सेंट अल्फेजची भिंत त्यांच्या वाट्याची. क्रिपलगेटपासून ऑल्डर्सगेटकडे सोनारांनी काम नेले आणि तिथे ते थांबले, असे स्टो लिहितो.

विटा तांबड्या आणि त्यांच्यामध्ये काळसर विटांची चौकटीची नक्षी. भट्टीत आगीला अगदी लागून असलेल्या विटा जास्त भाजतात, त्यांच्या तोंडाला काचेसारखा काळा झिलईदार थर येतो. दुसऱ्या कोणी त्या बाजूला टाकल्या असत्या. इथे त्या वेचून घेतल्या आहेत आणि तिरप्या रेषांत बसवून शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी काढली आहे. १४७७ पर्यंत तोफा आल्या होत्या. नेव्हिलनेसुद्धा थेम्सच्या दक्षिण काठावर तोफा लावल्या होत्याच. विटांच्या चर्या तोफेपुढे किती टिकणार, हे बांधणाऱ्यांना समजत नसेल असे मला वाटत नाही. तरीही नक्षी काढली. शहर सावरले आहे आणि आमची भिंत देखणी आहे, हे बाहेरच्याला लांबून दिसावे, हा त्या नक्षीचा हेतू असावा असे माझे मत आहे.

मामांनी विटांचे थर मोजले, मी नक्षीतली प्रत्येक काळी वीट कागदावर भरली. काम संथ आहे, पण घाई करण्यासारखे नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज रेखाटन थोडे, वाचन जास्त. प्रश्न एकच : बाकीचा तट गेला, मग हाच का राहिला?

उत्तर मजबुतीत नाही. सगळा तट सारख्याच दगडाचा, सारख्याच चुन्याचा होता. अठराव्या शतकात शहराला भिंतींची अडचण होऊ लागली. १७६० मध्ये इथून जवळचीच क्रिपलगेट वेस ९१ पौंडांना एका सुताराला विकली. त्याने ती उतरवून साहित्य नेले. तटाचे तुकडे घरांच्या मागच्या भिंतींत गेले, गोदामांत गेले, तळघरांत गेले, आणि इमारती पाडल्या तेव्हा त्यांच्याबरोबर संपले.

चर्चच्या आवारात मात्र भिंत लागतेच. सेंट अल्फेजचे पहिले चर्च तटाला टेकूनच होते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याचा उल्लेख मिळतो. चर्चला उत्तरेची भिंत आयती मिळाली आणि दफनभूमीला कुंपण. जवळच १३३० च्या सुमारास विल्यम एल्सिंग नावाच्या कापडव्यापाऱ्याने अंधांसाठी आश्रम-रुग्णालय काढले होते. आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५३६ मध्ये, ते बंद झाले. पॅरिशच्या, म्हणजे सेंट अल्फेज चर्चच्या हद्दीतल्या, लोकांनी मग रुग्णालयाचे चर्च आपले चर्च म्हणून घेतले आणि तटालगतचे जुने पाडले. स्टोच्या काळी त्या जागेवर सुताराचा अड्डा होता, लाकूड कापायच्या करवतीच्या खड्ड्यांसकट. दफनभूमी तशीच राहिली. १६६६ ची मोठी आग इथपर्यंत पोचली नाही.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दफनभूम्या इतक्या भरल्या, की १८५२ च्या कायद्याने शहरातले दफन बंद करण्याची सोय झाली. बंद पडलेल्या या जागांचे पुढे काय, हा प्रश्न होताच. शहराच्या मध्यावरची जमीन, किंमत अफाट. १८८४ च्या कायद्याने ठरवले, की बंद झालेल्या दफनभूमीवर चर्च वाढवण्याखेरीज कोणतेही बांधकाम करायचे नाही. या एका तरतुदीने शहरातल्या कितीतरी लहान मोकळ्या जागा वाचल्या आणि त्या जागांच्या भिंतीही. आजूबाजूच्या पिढ्यांनी ज्यांना तिथे पुरले, त्या सामान्य माणसांनी तट राखला असे मी म्हणेन. सैनिक तर कधीच निघून गेले होते.

सरकारी नोंदीतही या तुकड्याचे वर्णन करताना तटाबरोबर सेंट अल्फेज चर्चच्या अवशेषांचा उल्लेख आहे. ते मला योग्य वाटते. रेखाटनात चर्चच्या अवशेषांना वेगळा रंग द्यायचा, त्यांना ‘नंतरची भर’ म्हणून फिके दाखवायचे नाही, असे आज ठरवले.

१२ एप्रिल, शनिवार

एल्सिंगच्या चर्चचा उरलेला मनोरा पाहिला. बागेपासून दोन मिनिटांवर. चौदाव्या शतकातले दगडकाम, उंच टोकदार कमानी, वर छप्पर नाही. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात आगीने तो पोखरला गेला. अनेक वर्षे तो रस्त्याकडेच्या काँक्रीटमध्ये दबून होता. २०१८ मध्ये लंडन वॉल प्लेस हा नवा प्रकल्प पूर्ण झाला, तेव्हा त्याच्याभोवती बाग आणि वरून गंजरंगी पोलादाचे पादचारी पूल आले. आता तो खालून आणि वरून दोन्हीकडून नीट पाहता येतो. पुलावरून कमानीच्या माथ्याचे दगड जवळून दिसतात, हे मोजणाऱ्याला मोठेच सुख. याचे रेखाटन प्रकल्पात नाही, फक्त फोटो घेतले.

१९ एप्रिल, शनिवार

आज संत अल्फेजचा दिवस. काम थोडे केले, पश्चिमेकडच्या खालच्या भागातली राहिलेली मापे.

ज्याच्या नावाने हे आवार आहे तो अल्फेज, म्हणजेच ॲल्फहिया, कँटरबरीचा आर्चबिशप. १०११ मध्ये डॅनिश सैन्याने कँटरबरी घेतली आणि त्याला धरून नेले. आपल्या सुटकेसाठी लोकांनी खंडणी भरायला त्याने नकार दिला, कारण ती शेवटी गरिबांच्याच खिशातून गेली असती. १९ एप्रिल १०१२ रोजी ग्रिनिच इथे मेजवानीत झिंगलेल्या सैनिकांनी बैलांची हाडे फेकून त्याला मारले आणि शेवटी कुऱ्हाडीचा घाव घातला. तोही शनिवारच होता. देह लंडनला सेंट पॉल्समध्ये पुरला आणि १०२३ मध्ये कनूट राजाने, म्हणजे एका डॅनिश राजानेच, तो सन्मानाने कँटरबरीला पाठवला. परकीय सैन्याने मारलेल्या माणसाचे नाव असलेले चर्च शहराच्या तटाला टेकून उभे राहावे, याला त्या काळच्या लोकांच्या मनात नक्की अर्थ असणार.

३ मे, शनिवार

ऑल हॅलोज ऑन द वॉल. पूर्वेला, त्याच लंडन वॉल रस्त्यावर. इथे चर्चच्या आवाराची रस्त्याकडची भिंत तटाच्याच जागेवर आहे. तिच्यात मध्ययुगीन दगडकाम आहे आणि जमिनीखाली रोमन. गेल्या अठरा शतकांत शहराची जमीन काही मीटर वर चढली आहे, त्यामुळे रोमन तटाचा बराच भाग सगळीकडे असाच गाडलेला आहे. माणसे भिंतीला घासून बसथांब्याकडे जातात. पदपथ अरुंद, लेझरची तिपाई लावायला सकाळी लवकर जावे लागते.

चर्च आजचे आहे ते जॉर्ज डान्स धाकटा याचे, १७६५ ते १७६७ मध्ये बांधलेले. तेव्हा तो पंचविशीच्या आतबाहेर होता. त्याने जुन्या तटाला हात लावला नाही, उलट कामाला जुंपले. चर्चचे पुजाऱ्याच्या तयारीचे दालन अर्धवर्तुळाकार आहे, कारण ते तटाच्या बुरुजाच्या पायावर उभे आहे. प्रवचनाच्या व्यासपीठावर चर्चच्या आतून जिनाच नाही. त्या दालनातूनच वर चढावे लागते. म्हणजे प्रवचन द्यायला जाणारा माणूस आधी बुरुजात शिरतो आणि मग लोकांसमोर येतो.

याच चर्चजवळ मध्ययुगात एकांतवासी राहत. स्वतःला लहानशा खोलीत कायमचे कोंडून घ्यायचे, खिडकीतून अन्न घ्यायचे आणि प्रार्थनेत आयुष्य काढायचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा सायमन नावाचा एकांतवासी नावानिशी माहीत आहे. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या भिंतीच्या आडोशाला कोणी स्वतःला आत बंद करून घेतले. हे वाचल्यापासून ही भिंत मला पहिल्यासारखी दिसत नाही.

तांत्रिक नोंद : इथल्या रेखाटनात दोन रेषा ठळक हव्यात. एक, मध्ययुगीन काम संपून अठराव्या शतकातले काम सुरू होते ती. दुसरी, आजच्या पदपथाची. वाचणाऱ्याला जे दिसते आहे ते तटाचे अंग नसून खांदे आहेत, हे दुसरी रेषा नसेल तर समजणार नाही.

२४ मे, शनिवार

सेंट जाइल्स क्रिपलगेट. चर्च तटाबाहेर, तट त्याच्या दफनभूमीच्या हद्दीवर. कवी जॉन मिल्टन १६७४ मध्ये याच चर्चमध्ये पुरला गेला.

इथे बुरूज आहे. रोमन किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यावर चढवलेला, पण स्वतः मध्ययुगीन. शहराच्या पूर्वेकडचे बुरूज भरीव आणि रोमन काळाच्या उत्तरार्धातले, तर पश्चिमेकडचे पोकळ आणि मध्ययुगीन, असा फरक आहे. पूर्वेकडच्या भरीव बुरुजांच्या भरीत रोमनांनी स्वतःच्याच आधीच्या पिढीची थडगी फोडून घातली होती. क्लासिशियानस या रोमन अधिकाऱ्याच्या समाधीचे कोरीव दगड ट्रिनिटी स्क्वेअरजवळ १८५२ आणि १९३५ मध्ये असेच सापडले. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. थडग्यांचे दगड तटात गेले आणि हजार वर्षांनी त्याच तटाने थडग्यांना कुंपण घातले.

तटाबाहेर खंदक होता. स्टो त्याचे खोदकाम १२११ ते १२१३ मधले सांगतो आणि रुंदी २०० फूट. तो कधीच बुजला. आज बुरुजासमोर बार्बिकन वसाहतीचे तळे आहे. ते विसाव्या शतकातले, पण बुरुजाचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब पाहताना खंदकाची कल्पना करायला मदत होते.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्रीच्या हल्ल्याने हा सगळा भाग बेचिराख झाला. १९५१ मध्ये क्रिपलगेट विभागात फक्त ४८ माणसे राहत होती. ढिगारे उपसल्यावर तट मोकळा दिसू लागला. त्याला चिकटलेल्या इमारती गेल्या होत्या. बार्बिकनची आखणी करणाऱ्यांनी तो तसाच मोकळा ठेवला. तिथे गोदामे पुन्हा बांधता आली असती, पैसाही मिळाला असता. या निर्णयाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

बुरुजाचे वळण सपाट कागदावर उलगडून काढायचे आहे. सुरुवातीच्या मापांवरून जमेल असे दिसते.

७ जून, शनिवार

रंगसूची पक्की केली. रोमन काम गेरूचा रंग, मध्ययुगीन दगड राखाडी-निळा, १४७७ च्या विटा तांबड्या आणि नक्षीतल्या भाजलेल्या विटा काळ्या, चर्चचे अवशेष हिरवट, अठराव्या शतकानंतरचे सगळे पिवळसर. जिथे काळ रचनेवरून ठरत नाही तिथे रंग न भरता नुसती बाह्यरेषा. मामांचा आग्रह होता, की ‘भर’ उघडी पडलेली ठिकाणे ठिपक्यांनी दाखवावीत, कारण दुरुस्ती करणाऱ्याला आधी तेच पाहायचे असते. मान्य केले.

चुन्याबद्दल एक टीप प्रत्येक फलकावर, म्हणजे रेखाटनाच्या प्रत्येक पक्क्या कागदावर, जाणार आहे : जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंटच्या दरजा भरू नयेत. चुना मऊ असतो, भिंतीतला ओलावा दरजेतून बाहेर पडतो आणि झीज झालीच तर दरजेची होते, ती पुन्हा भरता येते. सिमेंट कडक आणि बंद. ओलावा मग दगडातून किंवा विटेतून वाट काढतो आणि तोंड पापुद्र्यांनी सुटू लागते. हे लंडनला लागू आहे तसे वसईला, रेवदंड्याला आणि सिंधुदुर्गालाही.

सेंट अल्फेजचा फलक पूर्ण. ऑल हॅलोजचा शाईकामाला घेतला आहे. सेंट जाइल्सच्या बुरुजाची उत्तर बाजू झाडांच्या पानांनी आता झाकली गेली आहे, ती मापे पानगळीनंतर नोव्हेंबरमध्ये घ्यायची.